मागचा ड्रम ब्रेक पुन्हा पुन्हा जाम होतोय? नवे शू टाकण्याआधी कॅम बाहेर काढा

जुन्या मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकची तक्रार बहुतेक एकाच छापाची असते. पॅडल दाबलं की ब्रेक लागतो, पण पाय काढला तरी सुटत नाही. गाडी ढकलताना जड लागते, अ‍ॅव्हरेज पडतं, थोडं अंतर चालवून हबला हात लावला तर चटका बसतो. मग नवे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे, पडतात, थोडे दिवस गाडी मोकळी पळते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यात शूचा दोष क्वचितच असतो. अडकतो तो कॅम, म्हणजे ड्रमचं तोंड झाकणाऱ्या ब्रेक प्लेटमधून आरपार गेलेली बोटाएवढी दांडी, जिच्या बाहेरच्या टोकाला आर्म असतो आणि आतल्या चपट्या टोकाला दोन्ही शू टेकलेले असतात. शू बदलायला ही दांडी बाहेर काढावी लागत नाही, म्हणून ती कोणी काढतही नाही. गंज जागच्या जागी राहतो आणि नव्या शूंनाही तोच त्रास सुरू होतो.

पाय दाबतो, पण परत कोण आणतं?

पॅडल, आर्म आणि त्या दोघांना जोडणारा रॉड मिळून पायाचा जोर कितीतरी पटीने वाढवून कॅमपर्यंत पोचवतात. त्यामुळे कॅम थोडा कडक झाला तरी दाबताना काही जाणवत नाही. परतीच्या वाटेवर मात्र पाय मदतीला नसतो. शू मिटवायचं काम आतल्या दोन छोट्या स्प्रिंगांचं, जोडीला फार तर रॉडवरची एक. कॅमचा कडकपणा त्यांना भारी पडला की शू ड्रमला टेकलेलेच राहतात. म्हणजे ‘ब्रेक तर चांगला लागतोय’ हे कॅम ठीक असल्याचं लक्षण नाही.

त्यातून साध्या ड्रम ब्रेकमधला एक शू असा बसवलेला असतो की फिरणारा ड्रम त्याला आपल्याकडे ओढून घेतो. ब्रेक लावताना हे फायद्याचं, पण शू नुसता टेकून राहिला तरी ड्रम त्याला ओढत राहतो. मग उष्णता वाढते, कॅमवरचं उरलंसुरलं ग्रीस सुकतं आणि कॅम आणखी घट्ट होतो.

कॅम स्टीलचा आणि प्लेट बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. आर्मखालचं रबरी किंवा नमद्याचं रिंग कडक होऊन तुटलं की पाणी दांडीच्या कडेने आत उतरतं. जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतली तर आणखी लवकर. स्टीलवर गंज चढतो, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, आणि दोन्ही मूळ धातूपेक्षा जास्त जागा खातात. मुळात केसाएवढी असलेली फट तिथेच भरून जाते.

काहीही उघडण्याआधी

गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा. मागचं चाक हाताने फिरवा, मग पॅडल हाताने दाबून सोडा आणि या वेळी पॅडलकडे न बघता आर्मकडे बघा. तो झटकन परत येतो, की रेंगाळतो? मागचा लाल दिवा लागलेलाच राहत असेल तर पॅडल पूर्ण वर येत नाहीये.

आता रॉडच्या टोकावरचा अ‍ॅडजस्टर नट पूर्ण सोडून रॉड आर्ममधून काढून टाका. या एका कृतीने निम्मं निदान होतं. रॉड निघाल्याबरोबर आर्म टपकन मागे गेला आणि चाक मोकळं झालं, तर आतलं सगळं ठीक आहे. दोष पॅडलच्या गंजलेल्या खिळीत, पॅडलच्या स्प्रिंगमध्ये, वाकलेल्या रॉडमध्ये किंवा नुसत्या जादा आवळलेल्या नटमध्ये आहे. पॅडल काढा, खीळ पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावा. काम संपलं, चाक उतरवायची गरज नाही.

रॉड काढल्यावरही आर्म आळसटल्यासारखा परत येत असेल, किंवा हाताने ढकलावा लागत असेल, तर चोर सापडला: कॅम. खाली सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच लिहिलं आहे.

तिसरी शक्यता, आर्म व्यवस्थित परत येतो पण चाक तरीही जाम. गाडी बरेच दिवस ओली उभी राहिली असेल तर शूचं लायनर, म्हणजे शूवर चिकटवलेला घासणारा थर, गंजाने ड्रमला चिकटलेलं असू शकतं. आत स्प्रिंग तुटलेली असू शकते, किंवा लायनर शूपासून सुटून पाचरीसारखं अडकलेलं असू शकतं. आणि एक गोष्ट अनेकदा ब्रेकच्या नावावर खपते, ती म्हणजे बेअरिंग. अ‍ॅक्सलचा नट सैल केल्यावर चाक मोकळं होतं आणि आवळल्यावर जाम होतं का, ते बघा. तसं असेल तर दोन बेअरिंगांमधला आतला बुश झिजलाय, चुकीच्या लांबीचा पडलाय किंवा मागच्या वेळी बसवायचाच राहिलाय. अशा गाडीत ब्रेकवर कितीही मेहनत घेतली तरी पाण्यात जाणार. चेनही जास्त ताणलेली नाही ना, हे याच वेळी पाहून घ्या, तिनेही चाक जड फिरतं.

चाक उतरवताना

आधी फोटो काढून ठेवा: आर्म कोणत्या बाजूला, वायसर कोणत्या क्रमाने, बुश कोणता कुठे. मग प्लेटला धरून ठेवणारा टॉर्क रॉड सोडा. त्याच्या नटाला कॉटर पिन असते, ती जुनीच परत वाकवून वापरू नका.

जाम झालेल्या ब्रेकची प्लेट ड्रममधून सहज निघत नाही. कारण बहुधा असं की ड्रम आतून झिजून तोंडाशी एक कड उरलेली असते आणि फाकलेले शू त्या कडेला अडकतात. आर्म हाताने बंद दिशेला ढकला, चाक पुढे-मागे हलवा, प्लेटवर रबरी हातोडीने सगळीकडून हलके ठोके द्या. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह आवरा, अ‍ॅल्युमिनियमची कड तुटली की प्लेट गेली. गंजाने चिकटलेल्या शूलाही हाच उपाय, फक्त धीर जास्त लागतो. ड्रमच्या फटीतून तेल मात्र सोडायचं नाही. ब्रेक सुटेल, आणि नंतर लागणारही नाही.

ड्रम उघडला की आत काळी भुकटी दिसेल. ती फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं तर निघत नाही. मास्क लावा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

कॅम काढणं

शू काढायची सोपी रीत अशी: दोन्ही शू बाहेरच्या कडांनी धरून पुस्तक मिटल्यासारखे एकमेकांकडे दुमडायचे, की स्प्रिंगांचा ताण जातो आणि ते स्प्रिंगांसकट उचलून येतात. डोळ्यांवर चष्मा असू द्या. तेच शू परत वापरायचे असतील तर वरचा-खालचा खूण करून ठेवा.

आता आर्म. कॅमच्या टोकावर आणि आर्मवर बहुधा ठिपक्याची खूण असते. नसेल तर सेंटर पंचने स्वतः करा. आर्मचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. कित्येक गाड्यांत कॅमला आडवी खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. हे माहीत नसल्याने आर्मवर हातोडी चालवून दाते खराब केलेले कॅम भरपूर दिसतात. आर्म निघाला की खाली झीज दाखवणारा बाणाचा पत्रा आणि रिंग असेल, तेही काढा. मग कॅम आतल्या बाजूला ढकलायचा.

नीट असलेला कॅम अंगठ्याने निघतो. जाम झालेला हलतही नाही. प्लेट आडवी ठेवा, दांडीभोवती गंज सोडवणारं तेल घाला आणि मुरू द्या. शू आधीच बाजूला काढलेले असल्याने इथे तेलाची भीती नाही. मग आर्म पुन्हा तात्पुरता चढवून त्याच्याच दांडीने कॅम थोडा इकडे, थोडा तिकडे असा हलवत राहा. दोन्ही बाजूंना हलला पाहिजे, एकाच दिशेने जोर लावून पिळायचा नाही. तरी नाही हलला तर तेल नीट पुसून काढा आणि प्लेटवर उकळतं पाणी ओता. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे भोक कॅमपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड ढिली पडते. हॉट एअर गनही चालते. थेट ज्योत नको. शेवटी पितळेच्या किंवा लाकडाच्या तुकड्यावरून हातोडीचे मोजके ठोके.

बाहेर आलेला कॅम जरा उजेडात धरून पाहा. मधे तपकिरी गंजाचा पट्टा असतो, दोन्ही टोकांशी चकचकीत कोरडे डाग असतात, आणि जुन्या ग्रीसची, ब्रेकच्या भुकटीची मिळून झालेली काळी साल नखाने खरवडली तर लाखेसारखी निघते. हाच तो तिढा. चारशे नंबरचा पॉलिश पेपर दांडीभोवती गुंडाळून गोल घासा, धातू खरवडायचा नाही, फक्त साल काढायची. भोकासाठी तोच पेपर गोल काठीला गुंडाळा. थोडं घासा, पुसा, कॅम घालून पाहा. कोरडा कॅम आपल्या वजनाने भोकात उतरला आणि दोन बोटांनी फिरला की थांबा. उतरतोय पण आत डुगडुगतोय, तर भोक झिजलेलं आहे. लेथवर नवा बुश बसवून घ्या किंवा प्लेट बदला. तिरका होणारा कॅम ग्रीस लावूनही अडकतो.

ग्रीस उष्णता सहन करणारंच हवं. लिथियम कॉम्प्लेक्सचं किंवा ब्रेकसाठी मिळणारं सिंथेटिक. साधं कॅल्शियमचं ग्रीस शंभर अंशांच्या आसपासच पातळ होऊन ओघळतं. दांडीवर पातळ हात फिरवा. कॅमच्या चपट्या बाजूंना आणि शूच्या दुसऱ्या टोकाच्या पिनला बोटाच्या टोकाएवढं लावा. जास्तीचं पुसून टाका, उरलेलं शेवटी लायनरवरच जाणार आहे. काही जुन्या गाड्यांच्या कॅमला ग्रीस निपल असतं. सोय चांगली, पण त्यात पंप मारणारे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारत राहतात आणि तेवढंच आतही जातं. शू काढलेले असतानाच मारा, म्हणजे किती गेलं ते दिसेल. आर्मखालची रिंग नवीन घाला. एवढीशी रिंग टाळली तर हे सगळं काम काही महिन्यांत पुन्हा करायला लागेल.

बाहेरून कॅमवर स्प्रे मारून ‘सुटला बघा’ म्हणणं हा या सगळ्यावरचा लोकप्रिय तोडगा. सुटतो, नाकारत नाही. पण तो पातळ द्राव आधीचं ग्रीसही धुऊन काढतो, स्वतः उडून जातो आणि काही थेंब दांडीवरून उतरून थेट शूवर पडतात.

आर्म एक दात पुढे सरकवू नका

शू झिजले की आर्मला पुरेसा फेर उरत नाही. मग आर्म काढून एक-दोन दाते मागे-पुढे करून बसवायचा, किंवा कॅम आणि शूच्या मधे पत्रा घालायचा, असे जुगाड चालतात. हे धोक्याचे आहेत. कॅमचं टोक चपटं असतं. शू जितका झिजलेला, तितका कॅम जास्त फिरतो. तो पाऊण काटकोन ओलांडून पूर्ण आडवा झाला की स्प्रिंगांना त्याला परत ढकलायला कोनच मिळत नाही, आणि ब्रेक लागलेलाच राहतो, तोही चालत्या गाडीत. पत्रा निसटला तरी परिणाम तोच. म्हणून ठिपक्यावर ठिपका. ब्रेक पूर्ण दाबल्यावर रॉड आणि आर्म यांच्यातला कोन काटकोनाच्या आतच राहायला हवा आणि झीज दाखवणारा बाण खुणेच्या पलीकडे जाता कामा नये. गेला तर शू नवे.

लायनर २ मिमीवर आलं असेल तर बदला. वरून काचेसारखं चमकत असेल तर ऐंशी नंबरच्या पेपरने चमक घालवा. तेल प्यायलेला शू फेकून द्या. पेट्रोलने धुतला, उन्हात ठेवला तरी तापल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं. शूच्या धातूच्या टाचेवर, जिथे कॅम टेकतो तिथे, खड्डा पडलाय का ते बोटाने चाचपा. कॅम त्या खड्ड्यात बसला की परत फिरायला कुरकुरतो, आणि दांडी कितीही साफ असो, तक्रार चालूच राहते. स्प्रिंगांचे वेढे एकमेकांना चिकटून असायला हवेत. मधे फट दिसली तर त्या ताणल्या गेल्यात, जोडी बदला.

ड्रमच्या आत त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो. ११० मिमीच्या ड्रमला बहुधा १११ ही मर्यादा असते, १३० च्या ड्रमला १३१. त्यापुढे नवे शूसुद्धा जुन्यासारखे वागतात. तोंडाशी उरलेली कड लेथवर उतरवून घेता येते, फक्त व्यास मर्यादेत राहिला पाहिजे. चाक फिरवताना दर फेऱ्यात एकाच जागी घासत असेल आणि ब्रेक लावताना पॅडल पायाखाली धडधडत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय, त्याचा कॅमशी संबंध नाही.

परत बसवताना तीन गोष्टी

पहिली, अ‍ॅक्सलचा नट आवळताना पॅडल दाबून धरा, एकट्याने जमत नसेल तर कोणाला तरी दाबायला सांगा. त्याने प्लेट ड्रमच्या मध्यावर येते आणि दोन्ही शू सारखे टेकतात. नाहीतर एक शू कायम घासत राहतो. दुसरी, टॉर्क रॉड नवीन कॉटर पिनसकट पक्का करा. तो सुटला तर ब्रेक लावताच प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड पिळवटतो आणि चाक लॉक होतं. यात हयगय नाही. तिसरी, अ‍ॅडजस्टर नटाची अर्धगोल खाच आर्मच्या गोल खिळीवर नीट बसली आहे का ते पाहा. अर्धवट बसलेला नट पहिल्या दाबाला सरकतो आणि तुम्ही मोजून ठेवलेला फ्री प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधी पॅडल जेवढं रिकामं दबतं ते अंतर, बदलतो.

फ्री प्ले गाडीच्या पुस्तकात लिहिलेला असतो, बऱ्याच गाड्यांना पॅडलच्या टोकाशी २० ते ३० मिमी. तो ब्रेक थंड असतानाच लावा. तापलेला ड्रम फुगलेला असतो. तेव्हा शू जवळ आणून ठेवले तर गार झाल्यावर ड्रम त्यांच्यावर आवळतो. मग सकाळी गाडी जागची हलत नाही.

आता दोन जागा, जिथे कॅम स्वच्छ असूनही ब्रेक पुन्हा धरतो. चेन आवळली की चाक मागे सरकतं, त्याच्याबरोबर प्लेट आणि आर्मही. पॅडल मात्र आहे तिथेच, म्हणजे रॉड ताणला गेला. चेन केली की ब्रेकचा नट सोडून पुन्हा लावायचाच. आणि दुसरी, पॅडल चासीवर असतं पण चाक स्विंग आर्मवर, म्हणजे सस्पेन्शनबरोबर वर-खाली होणाऱ्या मागच्या सांगाड्यावर. सस्पेन्शन दबलं की दोघांतलं अंतर थोडं बदलतं. रिकामी गाडी मोकळी फिरते पण मागे कोणी बसलं की ब्रेक घासतो, अशी तक्रार असेल तर मागच्या सीटवर माणूस बसवून फ्री प्ले तपासा. तेवढ्यासाठी ब्रेक उघडू नका.

लाल दिव्याचा स्विच सगळ्यात शेवटी, फ्री प्ले संपता संपता दिवा लागेल असा.

रस्त्यात चाक धरलं तर

आधी क्लच दाबा. क्लच दाबूनही चाक अडत असेल तर इंजिन सोडून ब्रेक किंवा चेनकडे बघा. बाजूला थांबा आणि तापलेल्या हबवर पाणी टाकू नका. बाहेर अ‍ॅल्युमिनियम आणि आत बिडाची रिंग, अचानक गार केल्यावर ती वेडीवाकडी होऊ शकते, तडकू शकते. आपोआप गार होऊ द्या. मग अ‍ॅडजस्टर नट बरेच वेढे सोडा, आर्म हाताने बंद दिशेला ढकला. चाक मोकळं झालं तर फक्त पुढच्या ब्रेकवर, सावकाश, जवळच्या ठिकाणापर्यंत. आर्म ढकलूनही चाक सुटलं नाही तर गाडी टेम्पोत घाला.

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने थोडे हलके ब्रेक मारून शू बसवून घ्या. नंतर एक फेरी मागच्या ब्रेकला पाय न लावता मारा आणि थांबून हबजवळ हात न्या. कोमट असेल तर ठीक. गरम असेल तर फ्री प्ले पुन्हा पाहा, मग प्लेटचा मध्य, आणि शेवटी शूची टाच. गाडी धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर उभी करण्याआधी दोन-चारदा हलका ब्रेक मारला की ड्रम कोरडा होतो. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर नट थोडा सैल करून हँडलला चिठ्ठी अडकवा, ‘मागचा ब्रेक सैल आहे’.